दहाच्या जागी बावीस

ट्यूबचं खोकं मी जाळलं नाही, तिथून हे सुरू झालं. आमच्या घरी पुठ्ठ्याचं खोकं आलं की दुसऱ्या दिवशी चुलीत जातं. पण लेक म्हणाला होता, "आई, खोकं ठिव, गॅरंटीला लागतं." म्हणून ते मी पत्र्याखालच्या अँगलमध्ये खोचून ठेवलं. ट्यूब मात्र घरात नव्हती. ती देवीच्या देवळात होती.

आमचं गाव तिसगावच्या बाजारापासून टेम्पोनं अर्ध्या तासावर. पाऊस झाला तर बाजरी, नाही तर नुसते दगड. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि मागं म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या राहतात. जाण्याआधी नवरात्रात प्रत्येक घर देवीला काहीतरी देतं. माझ्या तरुणपणी तेल द्यायचे. मग घंटा द्यायला लागले. घंटा इतक्या झाल्या की गुरवानं हात जोडले, आता घंटा आणाल तर तुमच्याच गळ्यात बांधीन म्हणाला. मग पंखे झाले. आता एलईडी ट्यूब देतात. ट्यूब हलकी असते, लवकर बसते आणि तिच्यावर नाव घालता येतं. आमच्या ट्यूबवर माझ्या मालकांचं नाव काळ्या रंगात लिहिलं होतं. आधी कैलासवासी, मग पूर्ण नाव, मग गाव, तेही गावातल्याच देवळात. अर्धा उजेड अक्षरांनीच खाल्ला. मी लेकाला म्हटलं, "जिते हुते तवा दारात हुबं राहून उजेड अडवायचे, आता वरनं अडवतील." लेक हसला नाही. बापाच्या बाबतीत तो हळवा आहे.

यंदा सगळ्यांनी आणलेल्या ट्यूबा एकात एक घुसणाऱ्या होत्या. एका टोकाला दोन पिना, दुसऱ्या टोकाला भोकं. बोर्डावरून एक वायर पहिल्या ट्यूबला द्यायची, पहिलीत दुसरी खुपसायची, दुसरीत तिसरी, अशी हवी तेवढी ओळ वाढवायची. वायरी ओढायला नको की भिंती फोडायला नको. ज्या दिवशी ज्याची ट्यूब येईल त्या दिवशी ती शेवटाला जोडायची, अशी रीत पडली. देवळापुढं पत्र्याची शेड आहे. तिच्या आत मंडपवाल्यानं गुलाबी-पांढऱ्या कापडाचं चुण्यांचं छत बांधलं होतं आणि त्या कापडाला लागूनच बांबूवर ट्यूबांची ओळ चालली होती.

त्या शेडमध्ये बायका घटी बसतात. घट बसल्यापासून उठेपर्यंत नऊ दिवस तिथंच राहायचं, घरी यायचं नाही, उपास करायचा, जमिनीवर झोपायचं. अंघोळीला आणि परसाकडे जायला तेवढं उठायचं. ज्यांना जमतं त्या मोहट्याच्या मोठ्या देवीला जाऊन बसतात, ज्यांना जमत नाही त्या गावातल्या देवीपुढं. यंदा आमच्याकडे एकोणीस बायका बसल्या होत्या. त्यात माझी सून होती.

ती माझ्या लेकासाठी बसली होती. मागच्या हंगामात उसाची ट्रॉली भरताना तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. सून दवाखान्याच्या बाकावर बसली होती, तिथंच तिनं नवस बोलला की हा आपल्या पायांनी चालला तर नऊ दिवस बसेन. तो चालायला लागला. थोडा लंगडतो, पण चालतो. मी त्याची आई असून मला नवस सुचला नव्हता. मला नवस सुचत नाहीत. मला डॉक्टरचं तोंड आणि औषधाच्या वेळा लक्षात राहतात.

सुनेनं पहिल्याच दिवशी कोपऱ्यातली जागा धरली, कारण मागं टेकायला भिंत होती आणि पिशवी अडकवायला खुंटी. त्याच भिंतीवर विजेचा बोर्ड होता. ट्यूबांची ओळ तिथूनच सुरू होत होती, बरोबर तिच्या डोक्यावर. आणि एकदा धरलेली जागा नऊ दिवस बदलायची नाही असा नेम आहे.

नवरात्रात आम्ही दिवस मोजत नाही, माळा मोजतो. घटावर रोज एक फुलांची माळ चढते, म्हणून आज तिसरी माळ, उद्या चौथी. चौथ्या माळेला मी सुनेला शेंगदाण्याचे लाडू द्यायला गेले तेव्हा मला वास आला. प्लास्टिकची बांगडी विस्तवाजवळ धरल्यावर येतो तसा. त्या दिवशी ओळीत अकरा ट्यूबा होत्या.

गुरव समईत तेल घालत होता. तो माझ्या मालकांच्या बरोबरीचा, मला वहिनी म्हणतो. मी म्हटलं, "कसला वास येतोय?"

"उदाचा, वहिनी."

"ऊद मला ठाऊक हाय. ह्यो ऊद न्हाई."

"मग तुमच्या नाकाचं वय झालं."

मी घरी आले. पण तो वास नाकातून जाईना. भाकरी थापताना, शेळीची धार काढताना, तो तिथंच होता. दुसऱ्या दिवशी, पाचव्या माळेला, मी दुपारीच गेले. बायका उपासानं गळून आडव्या झाल्या होत्या. ट्यूबा आता पंधरा. मी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि भिंतीला धरून वर चढले. सून उठून बसली.

"आत्याबाई, पडाल. एक पाय सावरताना माझा जीव गेला, आता तुमचा न्हाई मला सावरता यायचा."

"खुर्ची धर अन् गप बस."

मी ट्यूबला हात लावला. कोमट होती. मग जिथं वायर पहिल्या ट्यूबमध्ये शिरते तिथं बोट टेकवलं आणि चटकन मागं घेतलं. तव्यावरची भाकरी निदान या हातातून त्या हातात टाकता येते, हे तर बोटच लावून घेईना. मी खाली उतरले, खुर्ची सरकवली, परत चढले. पहिल्या आणि दुसऱ्या ट्यूबमधला सांधा गरम होता, पण धरवत होता. त्यापुढचा कोमट. पाचव्यापुढं काही नाही.

माझ्या दिराच्या डाळिंबाला ठिबक आहे. विहिरीजवळच्या पाइपातून सगळ्या झाडांचं पाणी जातं, शेवटच्या नळीतून फक्त शेवटच्या झाडाचं. म्हणून विहिरीजवळ जाड पाइप घालतात आणि पुढं बारीक. इथं पहिल्या ट्यूबपासून शेवटपर्यंत एकच बारीक वायर होती आणि पंधराही ट्यूबांची वीज त्या पहिल्या तोंडातून आत जात होती. एवढं कळायला माझी चौथीपर्यंतची शाळा पुरली.

घरी येऊन मी खोकं काढलं. एका बाजूला सगळं इंग्रजी. दुसऱ्या बाजूला हिंदी होतं, पण अक्षरं आपलीच. बोट ठेवून वाचलं. एका वेळी जास्तीत जास्त दहा ट्यूबा एकमेकींना जोडा, असं लिहिलं होतं. खाली ट्यूबांच्या लांब ओळीचं चित्र आणि त्यावर फुली. मी तीनदा वाचलं. वाचण्यात माझी चूक होत असेल असं वाटलं, पण दहाचा आकडा चुकायला जागा नव्हती.

लेकाला दाखवलं. तो कोयत्याला धार लावत होता. दसऱ्यानंतर दोघं जायची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोघांतलं एक कमी पडलं की कोयता मोडतो. तो म्हणाला, "आई, देवळात पंच हायती, वायरमन हाय. तू कशाला मधी पडती?"

"तुझी बायको खाली हाय म्हनून."

तो धार लावत राहिला.

सहाव्या माळेला मी खोकं काखेत मारून वायरमनकडे गेले. तो विजेच्या कंपनीतला नाही. गावातल्या मोटारी, स्टार्टर, घरचं फिटिंग तोच बघतो म्हणून त्याला वायरमन म्हणतात. हात चांगला आहे, पण तोंड फार. त्या दिवशी ट्यूबा अठरा झाल्या होत्या.

"मावशे," तो म्हणाला, "हिशेब सांगतो. एक ट्यूब वीस वॅटची. अठरा ट्यूबा म्हंजे पुरे चारशेबी न्हाईत. घरातली इस्त्री हजाराची असती. इस्त्रीनं कुणाचं घर जळलंय?"

"इस्त्रीची वायर माझ्या करंगळीएवढी असती. ही समईच्या वातीएवढी हाय."

"बोर्डात बत्तीसचा एमसीबी बशिवलाय. लोड जास्त झाला की बटण आपोआप खाली पडतं."

"कुणाला लोड झाल्यावर पडतं? तुझ्या बोर्डाच्या जाड वायरीला का ह्या वातीला?"

तो हसला. "चौथीत एवढं शिकवत हुते व्हय?"

"सांग की."

"जाड वायरीला," तो म्हणाला. "पर दहा लिहिलंय ते भ्या दाखवायला लिहित्यात. समदेच लिहित्यात. फवारणीच्या औषधावर न्हाई का लिहीत, एवढंच टाका, तोंड बांधा. आपण कवा मोजून टाकलं?"

"तुझ्या चुलत्यानं न मोजता टाकलं. बांधावर आडवा झाला, तो बैलगाडीतच घरी आला."

हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. त्याचं हसू गेलं. थोडा वेळ तो पक्कड उघडमिट करत बसला. मग म्हणाला, "करायचं तर तीन ओळी कराव्या लागतील. दर ओळीला बोर्डावरनं येगळी वायर. अवघड न्हाई, दीड तासाचं काम. पर त्याला लाईट बंद करावी लागंल. गुरव हू म्हनला तर मी आत्ता येतो."

मी तिथूनच देवळात गेले. गुरवानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"घट बसल्यात, वहिनी. नऊ दिवस उजेड मालवायचा न्हाई."

"समई मालवायची न्हाई, ते मलाबी म्हाईत हाय. ट्यूब कवापासनं समई झाली?"

"जोडली त्या दिवशी झाली. ज्यानं दिली त्याचा नवस हाय तिच्यात."

"आन् मागं रोज आठ-आठ तास लाईट जायची तवा?"

"ती कंपनीनं मालवली. आपुन न्हाई."

आता तर कंपनीनंही मालवायची सोय राहिली नव्हती, कारण पंचांनी देवळाला इन्व्हर्टर बसवला होता. पूर्वी लाईट गेली की ट्यूबा थंड व्हायच्या, आता त्यांना घटकाभरही विसावा नव्हता. लाईट चालू ठेवूनच नवी ट्यूब शेवटाला खुपसायचे. दर वेळी बारीक ठिणगी उडायची आणि बायका हात जोडायच्या.

मी म्हटलं, "मग जास्तीच्या काढून ठिवा."

"कुणाची काढू? तुमच्यापासनं सुरू करू?"

"कर."

"तुमची चवथी हाय. ती काढली की पुढच्या चौदा घरांचा अंधार. जाता तुमी चौदा घरी सांगायला?"

मी तीन घरी गेले. पहिल्या घरी म्हणाले, शेजारच्याची काढा, त्यानं आमची बघूनच आणली. दुसऱ्या घरी म्हणाले, म्हातारीला आमचा उजेड बघवत नाही. तिसऱ्या घरी चहा दिला आणि विषय बदलला. चौथ्या घरी मी गेले नाही.

सातव्या माळेला ट्यूबा बावीस झाल्या. मी सकाळीच देवळात जाऊन सुनेजवळ बसले. घटी बसलेली नसले तरी दिवसभर बसायला कुणी हरकत घेत नाही. माझी नजर पहिल्या सांध्यावर. वास येतो का, थांबतो का, परत येतो का. मान दुखायला लागली. कापडाच्या चुण्या पंख्याच्या वाऱ्यानं हलायच्या आणि त्या तोंडाला शिवून परत यायच्या. दर वेळी मला वाटायचं, आता धरलं. एकोणीस बायका, शेडला दार एकच, तेही निम्मं दानपेटीनं अडवलेलं. मी मनात बायका बाहेर काढत होते. आधी कोण उठेल, कोण पायात येईल, दम्याची बाई कुठं बसली आहे. सून दारापासून सगळ्यात लांब होती.

मी तिला हळू म्हटलं, "तेवढी जागा बदल. दारापाशी बस."

"जागा बदलली की बसनं मोडतं."

"मोडू दे."

ती माझ्याकडे वळली. उपासानं तिचे ओठ फुटले होते. "आत्याबाई, मी तुमच्या लेकासाठी बसलेय. तुमी दोन दिवस ट्यूबा मोजताय. एकदा तरी देवीकडं तोंड करून बसा."

पलीकडच्या बाईनं पदरात हसून घेतलं. तिचं चूक नव्हतं. लेक माझा आणि उपास तिचा, तिला ऊठ म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दुपारी घरी जाऊन घमेलंभर वाळू आणली आणि बोर्डाखाली ठेवली. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं हे मला ठाऊक होतं. आमच्या विहिरीवरचा स्टार्टर एकदा पेटला होता. माझ्या मालकांनी हातातली कळशी त्यावर रिकामी केली आणि चार हात लांब जाऊन पडले. मेले नाहीत, पण महिनाभर उजव्या हातानं जेवले नाहीत. मी भरवत होते आणि रोज तेच सांगत होते की वाळू टाकायची असती. त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. म्हणायचे, पाणी कमी पडलं.

वाळू बघून बायकांना गंमत वाटली. "आजी, बाळंतिणीची शेगडी करताय का काय?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "मांजर आनून सोडा आता." मीही हसले. हसताना वर बघत होते.

त्या रात्री मी घरी झोपले असं लोकांना वाटतं. मी पडले होते एवढंच.

आठव्या माळेला सगळ्यात जास्त गर्दी असते. दुपारी कुंकू वाहायला गावातल्या बायका येतात. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात आणखी सहा घरांनी ट्यूबा आणल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची ऊसतोडीची टोळी बाजारहाटाला जायची होती आणि त्यांना आजच जोडून हव्या होत्या. वायरमन शिडी घेऊन आला. माझ्याकडे बघितलं नाही. मी बोर्डाखाली वाळूच्या घमेल्याजवळ उभी होते.

पहिली ट्यूब जोडली. टाळ्या वाजल्या. दुसरी जोडली. तिसरी खुपसली तेव्हा ठिणगी मोठी उडाली आणि सगळी ओळ एकदा मिचकली. त्याच वेळी माझ्या डोक्यावर चर्र आवाज झाला. कढईत ओली मिरची पडल्यावर होतो तसा, पण बारीक. देवीपुढं ढोल चालला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसेल. सुनेला गेला. तिनं वर बघितलं.

मी विचार केला नाही. हात वर केला आणि बोर्डातलं काळं बटण खाली ओढलं.

पंचवीस ट्यूबा, पंखे, भोंगा, सगळं एकदम थांबलं. ढोल आणखी दोन थापा वाजला आणि तोही थांबला. भर दुपार होती, पत्र्याच्या कडेनं ऊन येत होतं, तरी शेड अंधारी वाटली. आत गाभाऱ्यात समई जळत होती तशीच जळत होती.

मग आरडाओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, "कुनी मालवली?" सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. गुरव गाभाऱ्यातून पळत आला.

"वहिनी, काय केलं हे?"

"मालवली. कंपनीनं न्हाई, मी."

"दोष लागला. एकोणीस जनींचं बसनं..."

"मला लागू दे. माझं नाव सांगा देवीला. ट्यूबवर हायेच घरचं नाव, वाचंल ती."

एक जण बटण वर करायला पुढं आला. मी बोर्डापुढं पाठ करून उभी राहिले. म्हाताऱ्या बाईला धक्का मारायला माणूस कचरतो, तेवढाच माझा जोर होता. मी वायरमनला म्हटलं, "आता बंद हाय. एकदा उघडून बघ. बरं असंल तर मी सगळ्यांपुढं नाक घासते."

तो शिडी घेऊन कोपऱ्यात आला. बायका सरकल्या, माझी सून मात्र जागची हलली नाही, म्हणून त्यानं तिच्या दोन्ही बाजूंना शिडीचे पाय ठेवले. वर चढून त्यानं पहिल्या ट्यूबमधली वायरीची पिन ओढली. निघेना. ओढून, पिरगाळून काढली तेव्हा ट्यूबच्या टोकाचं पांढरं प्लास्टिक तिच्याबरोबर तार धरून आलं, गुळाच्या पाकासारखं. पिनेची भोकं तपकिरी होऊन वाकडी झाली होती. मागच्या कापडावर हाताच्या पंजाएवढा डाग होता, कोऱ्या चहाच्या रंगाचा. मधोमध कापड आक्रसून कडक झालं होतं.

वायरमन शिडीवरूनच कुणाकडे न बघता म्हणाला, "लाईट कुनी लावू नका." त्यानं ती पिन खाली दिली. हातोहात ती सगळ्या शेडमधून फिरली, प्रसादासारखी. ज्यांनी बघितली त्या बायका बोलायच्या थांबल्या. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही त्या बोलत राहिल्या.

दीड तासाचं काम दोन तास चाललं. त्यानं जळालेली ट्यूब बाजूला टाकली, बाकीच्यांच्या तीन ओळी केल्या. तिन्हींत नऊ-नऊ, आणि प्रत्येकीला बोर्डावरून आपली जाड वायर. कापडापासून वीतभर खाली बांधल्या. लाईट लावल्यावर मी पुन्हा खुर्चीवर चढले. तिन्ही तोंडांना हात लावला. कोमट. कुणी हसलं नाही.

जळालेली ट्यूब ज्या घरची होती त्यांनी माझ्याशी धरलेला अबोला अजून सोडलेला नाही. गुरव म्हणाला, समई चालू होती म्हणजे उजेड मोडला नाही. नंतर दुसऱ्या कुणाला म्हणाला, मोडला. ज्याला जसं हवं तसं त्यानं सांगितलं असावं. बसलेल्या बायकांत दोन तट पडले. काही म्हणाल्या, म्हातारीनं जीव वाचवला. काही म्हणाल्या, पुढच्या वर्षी परत बसावं लागणार, आठ दिवसांचं पाणी झालं.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सुनेनं मला विचारलं, "आत्याबाई, माझं बसनं मोडलं का?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी म्हणता आलं असतं. मला ते येत नाही. मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई."

"तुमी मालवली, तुमाला ठाऊक न्हाई?"

"मला वायरीचं कळत हुतं. देवीचं न्हाई कळत."

ती वरच्या डागाकडे बघत बसली. कापडाचा तेवढा तुकडा कापून टाकला होता आणि तिथून पत्रा दिसत होता. ती उठली नाही. नवव्या माळेलाही बसली, दसऱ्याला घट उठले तेव्हा घरी आली, अंघोळ केली, भाकरी खाल्ली. त्याबद्दल पुन्हा बोलली नाही.

चार दिवसांनी ट्रॅक्टर आला. भांडी, ताडपत्री, कोयते, सगळं वर चढलं. लेक माझ्या पाया पडला. सूनही पडली. नेहमी ती वाकल्यावर काहीतरी बोलते, शेळीला पेंड घाला, गोळ्या चुकवू नका. या वेळी नुसतीच वाकली आणि वर चढली.

आता हंगाम चालू आहे. फोन संध्याकाळी येतो, गाडी भरून झाल्यावर. पूर्वी मला वाट बघायची सवय नव्हती. आता साडेसहापासून मी फोन मांडीवर घेऊन बसते आणि तो वाजला की उचलायला भीती वाटते. लेकाला काही झालं तर गाव म्हणेल, म्हातारीनं उजेड मालवला. गाव काय म्हणतं याचं मला काही नाही. सून ते म्हणणार नाही, नुसती बघेल. ते बघणं मला नको आहे. आगीची भीती बटण दाबल्यावर गेली होती. या भीतीला बटण नाही. पण परत तो चर्र आवाज आला तर मी परत तेच करीन, हेही मला माहीत आहे, आणि त्यानं काही सोपं होत नाही.

काल फोन सुनेनं केला. मी विचारलं, "त्याचा पाय कसा हाय?"

"बरा हाय."

"ट्रॉलीवर चढतो का मोळी घेऊन?"

मागं कुणाचं तरी पोर रडत होतं. "न्हाई," ती म्हणाली. "त्यांना खालीच मोळ्या बांधायला लावलंय. वर मी चढते."

"तू? आन् कवापासनं?"

"आल्यापासनं. बसनं पुरं झालं का न्हाई, कुनाला ठाऊक. उगं कशाला त्यांना चढवायचं?"

मी म्हटलं, दवानं फळी ओली असली तर चढू नको, पायात बूट घाल, मोळी लहान बांध. ती प्रत्येकाला बरं म्हणाली. घाईत होती, ट्रॅक्टरवाला हाक मारत होता. फोन तिनंच ठेवला. आज साडेसहा वाजून गेले आहेत.